हातास लागलेले वळण

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असे आपण म्हणतो. संगणकाच्या इतिहासात मात्र मूळ यंत्र अडगळीत गेले, तरी त्याने लावलेली खोड मागे उरली.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली उभारण्यास आरंभ केला. त्या काळी आज्ञा द्यावयाच्या त्या टेलीटाइपवरून. हे यंत्र सेकंदास जेमतेम १० अक्षरे छापी आणि त्याच्या कळा दाबण्यास जोर लागे. साहजिकच आज्ञा आखूड झाल्या: फायलींची यादी हवी तर ‘एलएस’, प्रत काढावयाची तर ‘सीपी’. १९७३ साली डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे ‘पाइप’ची सोय झाली आणि एका आज्ञेचे उत्तर परस्पर दुसरीच्या हाती पडू लागले. लहान लहान साधने जोडून मोठे काम उरकावे, हा त्यातून घडलेला संस्कार होय.

तो घेऊन माणसे इतर यंत्रांकडे गेली. ब्रायन कर्निहन व पी. जे. प्लॉगर यांनी १९७६ च्या ‘सॉफ्टवेअर टूल्स’ या ग्रंथात तशीच साधने फोर्ट्रानवर आधारलेल्या भाषेत लिहून दाखविली. जेथे युनिक्स नव्हते, तेथेही ती चालविणे त्यामुळे शक्य झाले.

मायक्रोसॉफ्टच्या डॉसची गोष्ट निराळी. १९८१ च्या पहिल्या आवृत्तीत तिरकी रेघ आज्ञेसोबतच्या जादा सूचनांसाठी खर्ची पडली होती. १९८३ मध्ये युनिक्सप्रमाणे फायलींसाठी कप्प्यात कप्पे आले, तेव्हा त्यांचा मार्ग दाखविण्यास उलटी रेघ घ्यावी लागली. युनिक्सला सरावलेले बोट तेथे हटकून अडखळे. पाइपही आला, पण नावापुरता. डॉस एका वेळी एकच काम करी. म्हणून पहिल्या आज्ञेचे उत्तर तात्पुरत्या फायलीत साठवून मगच दुसरीस मिळे.

पुढे विंडोज आले. १९९५ साली सिग्नस कंपनीत सुरू झालेले सिग्विन हे युनिक्सची साधने व विंडोज यांच्यामधील दुभाषा बनले. २००६ च्या पॉवरशेलने तर ‘एलएस’ हा शब्दच स्वीकारला. परंतु विंडोजवर त्यापुढे युनिक्सच्या रीतीने ‘-एलए’ जोडताच नकार मिळतो. शब्द उसना घेता येतो. त्यामागची रीत तशी मिळत नाही.

अखेर २०१६ साली मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या पोटातच लिनक्सच्या आज्ञा चालविण्याची व्यवस्था केली. लाखो हातांचे वळण मोडण्यापेक्षा घराची रचना बदलणेच सोपे ठरले.