पहाटेचे ऐकणे

पहाटे काही चांगले कानी पडावे ही आपल्या लोकांची हौस जुनी आहे. भूपाळी, वासुदेवाचे गाणे आणि जात्यावरची ओवी यांनी ती पिढ्यान् पिढ्या पुरवली. त्यांत ओवीची थोरवी आम्हांस अधिक वाटते. दळणारी बाई कवयित्रीही होती आणि श्रोतीही. तिच्या ओवीत विठोबा, माहेर आणि सासरची कुरबुर एकत्र नांदत. खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांस लिहिता येत नव्हते. घरच्यांनी ऐकून गाणी टिपली, म्हणूनच १९५२ साली ती ग्रंथरूपाने निघाली.

पुढे गिरणी आली, जाते थांबले आणि पहाट रेडिओकडे गेली. १९५३ साली आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले. १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते तेथून ऐकू आली. गाणे एक, पण ऐकणारे सारे घर, आणि पुष्कळदा शेजारही.

२००४ साली ‘पॉडकास्ट’ हा शब्द जन्मला. आता कविता, भक्ती, संसार, ज्यास जे हवे ते हव्या त्या घटकेस कानाशी येते. परदेशी राहणारा मराठी माणूसही मायबोली ऐकत कामावर जातो. ही सोय लहान नव्हे. परंतु जात्यापाशी समोरची बाई पुढची ओवी जोडी. कानात एकट्यानेच ऐकलेल्या बोलास उत्तर कोणी द्यावे?

आमचे मागणे एवढेच, की आठवड्यातून एक सकाळ तो आवाज स्वयंपाकघरात मोकळा सोडावा. ऐकता ऐकता घरातले कोणी तरी मध्येच बोलेल. त्यास बोलू द्यावे. ओवी अशीच पुढे जात आली आहे.