तळटीप : मेहकर-लोणारपासून काबूलपर्यंत

१. ‘पंथ मेहकर-लोणारपासून काबूलपर्यंत गेला’ : येथे महानुभाव पंथ अभिप्रेत आहे. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर व लोणार ही पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या वास्तव्याने पावन झालेली स्थाने. यादव राजा कान्हरदेव लोणारला स्वामींच्या भेटीस आल्याचे म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त नमूद आहे. स्वामींनी स्त्री-शूद्रांना संन्यासाचा अधिकार दिला आणि धर्मबोध मराठीत केला. त्यामुळे पंथाला दीर्घकाळ विरोध सोसावा लागला. ग्रंथ सांकेतिक लिपीत गेले. संन्यासी मात्र उत्तरेकडे चालत राहिले. पंजाब, पेशावर व काबूल येथे मठ उभे राहिले. तेथे ‘जयकृष्णी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पंथाच्या पंजाबी भाषक महंतांनी मराठी पोथ्या निष्ठेने जपल्या.

मूळ लेखकाने याची तुलना इंग्लंडच्या ‘पिलग्रिम’ मंडळींशी केली आहे. राजसत्तेने लादलेले चर्च नाकारणारा स्क्रूबी गावचा हा समुदाय १६०८च्या सुमारास हॉलंडला गेला. पुढे त्यांतील काही जण १६२०मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजाने अमेरिकेला निघाले. जहाजावरील १०२ प्रवाशांत या समुदायाबाहेरचेही अनेक होते. तेथे त्यांनी वसवलेल्या प्लिमथच्या पहिल्या हिवाळ्यात जवळपास निम्मे दगावले. श्रद्धेसाठी घर सोडण्याचे धैर्य दोहींकडे सारखेच. परंतु प्लिमथची वसाहत तेथील मूळनिवासी वाम्पानोआग लोकांच्या भूमीवर उभी राहिली, तर महानुभावांनी कोणाचीही भूमी न घेता केवळ मठ बांधले. हा भेद वाचकाने विसरू नये.