आधी तोल, मग पायडल

आज सायकलीचा इतिहास सांगणार आहोत, पण तो सांगायचा आहे आपल्या घरातल्या दोन-तीन वर्षांच्या लेकरासाठी.

शहरातून पाव्हणे येतात तेव्हा त्यांच्या पोरासोबत हल्ली एक वेगळीच सायकल दिसते. दोन चाकं आहेत, हँडल आहे, सीट आहे; पायडल मात्र नाही आणि साखळीही नाही. पोर तिच्यावर बसतं आणि दोन्ही पायांनी जमीन रेटत सुटतं. तिला बॅलन्स बाईक म्हणतात. आपल्या बाया विचारतात, "पायडलच नाही, तर ही सायकल कसली?" तर बायांनो, जगातली पहिली सायकल अशीच होती.

साल १८१७. आपल्याकडे त्याच वर्षी नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि पुढच्या साली पेशवाई संपली. त्या काळात जर्मनीत कार्ल ड्राइस नावाचा जंगलखात्याचा एक अधिकारी होता. १२ जून १८१७ ला तो मॅनहाइम शहरातून लाकडी दुचाकीवर बसून निघाला. तिचं वजन होतं सुमारे २२ किलो. पायांनी जमीन रेटत तो सातेक किलोमीटरवरच्या ठाण्यापर्यंत गेला आणि साधारण तासाभरात परत आला. माणसाच्या चालण्यापेक्षा हा वेग कितीतरी जास्त होता.

त्याला हे सुचलं कशावरून? १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखीचा मोठा स्फोट झाला. त्याची राख आणि धूर आभाळात इतका पसरला की १८१६ साली युरोपात उन्हाळाच पडला नाही. पिकं बुडाली, घोड्यांचं दाणावैरण महागलं, घोडे मेले. दुष्काळात दावण कशी रिकामी होते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणूनच ड्राइसनं बिनघोड्याचं वाहन शोधलं, असं काही इतिहासकार मानतात. सगळ्यांना ते पटत नाही. पण त्या दुचाकीनं एक गोष्ट दाखवून दिली ती पक्की. एकामागे एक लावलेल्या दोन चाकांवर माणूस तोल सांभाळू शकतो. गाडी ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल थोडं वळवायचं, की चाकं अंगाखाली येतात आणि गाडी सावरते.

पुढं हे खूळ लंडन, न्यूयॉर्कपर्यंत पोचलं. लंडनच्या डेनिस जॉन्सननं १८१९ मध्ये बायकांना झग्यावर बसता यावं म्हणून मधली दांडी खाली घेतलेली गाडीही केली. पण लोक खडबडीत रस्ता सोडून पायवाटेवर गाड्या हाकू लागले, चालणाऱ्यांना धडकू लागले. मग शहराशहरांत बंदी आली. आपल्या कलकत्त्यातही बंदी घातली गेली. गाडी मागं पडली.

पायडल आलं ते १८६० नंतरच्या वर्षांत, फ्रान्समध्ये, तेही पुढच्या चाकाला. १८८५ मध्ये इंग्लंडच्या जॉन केम्प स्टार्लीनं दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला साखळी अशी सायकल केली. आपण आज चालवतो ती तिचीच लेक. १८८८ मध्ये डनलॉप नावाच्या बेलफास्टच्या गुरांच्या डॉक्टरानं हवेचं टायर बनवलं, ते कशासाठी? आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला धक्के बसू नयेत म्हणून!

आता यातला क्रम बघा. तोल आधी आला, पायडल चाळीसेक वर्षांनी आलं. आपण लेकरांना शिकवताना मात्र उलटं करतो. आधी पायडल मारायला लावतो आणि तोल जाऊ नये म्हणून बाजूला दोन छोटी चाकं बसवतो. ती चाकं असली की सायकल कलतच नाही. न कलणाऱ्या सायकलीवर पोर पाय मारायला शिकतं, सावरायला शिकत नाही. मग ती चाकं काढली की रडारड. खरं तर आपल्यापैकी कितीतरी जणी योग्य क्रमानंच शिकल्या. वडलांची किंवा भावाची उंच सायकल घ्यायची, एक पाय पायडलवर ठेवायचा आणि दुसऱ्या पायानं जमीन रेटत अंगणभर फिरायचं. मग दांडीखालून पाय घालून अर्धं पायडल. तीही ड्राइसचीच रीत.

तर लेकराला कसं शिकवायचं? महागडी बॅलन्स बाईक घ्यायलाच हवी असं नाही. लहान मुलांची साधी सायकल घ्या, जुनी चालेल, पण लेकराच्या मापाची हवी. पायडल काढून टाका. एक ध्यानात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उजवं पायडल नेहमीसारखं सुटतं. डावं सोडवायचं तर पाना उलट दिशेनं फिरवावा लागतो. जमलं नाही तर सायकल दुरुस्तीवाल्याकडे पाच मिनिटांचं काम आहे. बाजूची चाकंही काढा. मग सीट इतकी खाली घ्या, की बसल्यावर लेकराचे दोन्ही तळपाय पुरते जमिनीला टेकतील आणि गुडघे किंचित वाकलेले राहतील.

पहिले काही दिवस ते सीटवर बसून नुसतं चालेल. चालू द्या. मग लांब टांगा टाकेल, मग पळेल. एक दिवस दोन्ही पाय उचलून घसरत जाईल. तेव्हा तोल आला असं समजा. हँडल धरून तुम्ही ओढू नका, ढकलू नका. सावरायचं काम त्याच्या अंगाला करू द्या. नजर चाकावर नको, समोर असू द्या. जागा सपाट हवी: खळं, शाळेचं मैदान, देवळापुढचं पटांगण. या सायकलीला बहुधा ब्रेक नसतो, पायच ब्रेक. म्हणून उतार, रस्ता, विहीर आणि कालवा यांपासून लांब. पायात बूट, डोक्याला हेल्मेट असलं तर उत्तम, आणि मोठं माणूस जवळ हवंच. घसरत जाणं अंगवळणी पडलं, की पायडल परत बसवा. मग फार शिकवावं लागत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. घरात ही सायकल आली, की तिच्यावर आधी कोण बसतं? बहुतेक वेळा मुलगा. पोरगी बघत राहते. तिच्या सायकलीची आठवण होते ती आठवीत, शाळा लांब पडली की.

बायकांना सायकल सहजी मिळालेली नाही. युरोप-अमेरिकेत सायकल आली तेव्हा बाईनं ती चालवली तर प्रकृती बिघडते, चेहरा बिघडतो, असं डॉक्टरसुद्धा सांगत. अमेरिकेतल्या फ्रान्सिस विलार्ड या स्त्रीनेत्या तरीही ५३ व्या वर्षी सायकल शिकल्या आणि त्यावर १८९५ मध्ये पुस्तक लिहिलं. आपल्या देशात तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ पासून साक्षरता मोहिमेतच सायकल शिकवली गेली. कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी बायकांना सायकलीसाठी कर्ज द्यायला बँकांना राजी केलं. शेतमजूर, खाणमजूर, अंगणवाडीताई, सगळ्या शिकल्या. कितीतरी जणींनी पुरुषी सायकलच पसंत केली, कारण पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येतं. माल बाजारात न्यायला, पाणी आणायला बसची आणि नवऱ्याची वाट बघणं थांबलं. बिहारनं २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या आणि शाळेत जाणाऱ्या मुली वाढल्या. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना सायकली मिळतात.

पण सायकल मिळाली आणि चालवता येत नसेल, तर ती पडवीत उभी राहते किंवा भाऊ घेऊन जातो. तेराव्या वर्षी पोरगी पडायला लाजते, लोक बघतात, आई नको म्हणते. तिसऱ्या वर्षी पडणं म्हणजे नुसता खेळ. तेव्हा कुणी हसत नाही, आणि जमीनही जवळच असते.

म्हणून गटातल्या बायांना आमचं एक सांगणं आहे. गावात मोठ्या झालेल्या पोरांच्या छोट्या सायकली गंजत पडलेल्या असतात. गटानं त्यातल्या दोन-तीन मागून घ्या, पायडल काढा, चाकांत हवा भरा आणि अंगणवाडी सुटल्यावर तासभर पटांगणात आणा. पाळी लावा, आणि पाळीत पोरींची नावं पोरांच्या बरोबरीनं घ्या. आपल्यातल्या जिला अजून सायकल येत नाही, तिनंही लाजू नये. मोठ्या सायकलीची सीट खाली घेतली, की तिलाही हीच रीत लागू पडते.