अक्काची पिशवी

आमच्या लातूर-नांदेडकडे रेडिएशनला 'लाईट देणं' म्हणतात. पूर्वी त्यासाठी मुंबईचं टाटा हॉस्पिटल (१९४१) गाठायचं. पुढे बार्शीलाही सोय झाली. रॉन्टगेनचं १८९५ साल मी पोरांकडून घोकून घेतलं. अक्काला लाईट सुरू झाली तेव्हा कळलं, दुखत नाही, पण सगळे बाहेर, दार बंद, हलायचं नाही. "दाराचा आवाज आला की पोटात गोळा येतो रे," म्हणायची.

अमेरिकेत हॉफमन आणि पॅटरसन यांनी १९९६ च्या सुमारास भाजलेल्या रुग्णांना मलमपट्टीच्या वेळी चष्म्यातल्या आभासी जगात गुंतवलं. पुढे खास बर्फाचं जग बनवलं. तसाच चष्मा लावून काही ठिकाणी कॅन्सरच्या पेशंटला ती खोली, ते यंत्र आधीच दाखवतात, असं नातवाने सांगितलं. अक्काला कुणी दाखवलं नव्हतं. पहिल्या दिवशी दारापर्यंत तिने माझ्या हातातली पिशवी सोडली नव्हती.