माकी

माकी (फ्रेंच, पुल्लिंगी नाम, शेवटचा ‘स’ लिहितात, उच्चारत नाहीत) : भूमध्य समुद्राकाठचे सदाहरित झुडपांचे दाट रान. शब्द कॉर्सिका बेटावरून फ्रेंचमध्ये आला. मुळाशी इटालियन ‘माक्किया’, म्हणजे डाग. उघड्या उतारावर लांबून दिसणारे काळपट हिरवे ठिपके डोळ्यांपुढे आणले की नाव पटते.

ग्रॅनाइटसारख्या खडकावरच्या आम्ल जमिनीत मर्टल, सिस्टस, आर्ब्युटस आणि पुरुषभर उंचीचा हेदर एकमेकांत गुंततात. चुनखडीवरच्या ठेंगण्या, विरळ रानाला ‘गारीग’ हा वेगळा शब्द आहे. वणवा माकीला संपवत नाही. हेदरच्या बुंध्याशी जमिनीत लाकडाची टणक गाठ असते, तिला पुन्हा धुमारे फुटतात. तंबाखूचे उत्तम पाइप याच गाठीतून कोरतात. मराठीत ‘झुडपी जंगल’ म्हणून भागते, पण करवंदीच्या जाळीत शिरलेल्याला ‘जाळी’ हाच शब्द अधिक जवळचा वाटेल. तिथेही आत गेलेला माणूस बाहेरून दिसत नाही.

म्हणूनच ‘माकी धरणे’ म्हणजे फरार होणे. कॉर्सिकात खून करून, सूडाच्या वैरातून पळालेली माणसे या रानात दडत. प्रॉस्पेर मेरिमे याची ‘मातेओ फाल्कोने’ (1829) ही कथा अशाच रानाच्या कडेला घडते. पुढे 16 फेब्रुवारी 1943 च्या कायद्याने फ्रेंच तरुणांवर जर्मनीसाठी सक्तीची मजुरी लादली. ती नाकारून हजारो जण डोंगरात गेले. त्यांच्या सशस्त्र टोळ्यांना ‘माकी’ आणि टोळीतल्या माणसाला ‘माकीझार’ म्हणू लागले. व्हेर्कोर आणि ग्लिएर ही त्यांची नावाजलेली ठाणी आल्प्सच्या भागातली. तिथे सूचिपर्णी झाडांची थंड जंगले आहेत, भूमध्य झुडूप नाही. शब्दाने आपली झाडे मागे सोडली आणि आडोसा तेवढा बरोबर नेला. या अर्थाचे भाषांतर ‘भूमिगत होणे’ असेच करावे. ‘झुडपात गेला’ लिहिल्यास वाक्याचा जीव जातो.

कायद्याच्या किचकट कलमांनाही फ्रेंच माणूस ‘कार्यपद्धतीची माकी’ म्हणतो. पश्चिम आफ्रिकेत, विशेषतः आयव्हरी कोस्टमध्ये, माकी म्हणजे साधी, बहुधा उघड्यावरची खाणावळ. आबिजानमध्ये तिथे भाजलेली मासळी आणि कसाव्याचे ‘आतिएके’ मिळते.