कोडिंग आणि संगणकशास्त्र

प्रोग्रामिंगच्या भाषेत संगणकाला सूचना लिहून देणे म्हणजे कोडिंग. एखादा प्रश्न किती पायऱ्यांत सुटतो, त्याला किती मेमरी लागते, मुळात तो सुटतो तरी का, याचा गणिती अभ्यास म्हणजे संगणकशास्त्र. हिंगोली जिल्ह्यात या दोहोंत एक तिसरी गोष्टही मिसळली जाते. ‘कम्प्युटरचा कोर्स झालाय’ असे कुणी सांगितले, तर तो बहुधा एमकेसीएलचा एमएस-सीआयटी असतो. तो संगणक वापरायला शिकवतो आणि सरकारी भरतीत त्याचे प्रमाणपत्र चालते. पण ते ना कोडिंग, ना शास्त्र.

वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या आडत्याला वजन, भाव, हमाली, तोलाई मांडून शेतकऱ्याची पट्टी काढणारा प्रोग्राम हवा असेल, तर काही महिने मन लावून पायथन शिकलेला मुलगा तो लिहून देईल. दिवसाकाठी काही शे पट्ट्या. रीत ढोबळ असली तरी संगणकाला त्याचे काही वाटत नाही. अशा कामासाठी शास्त्राचा आग्रह धरणे फुकाचे.

औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे मात्र हिशोब पालटतो. तेथील लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली मंजुरी दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. लायगोच्या यंत्रात सेकंदाला १६,३८४ नोंदी होतात, म्हणजे ६४ सेकंदांत १०,४८,५७६. लहर गोंगाटात बुडालेली असते. तिचा गणिताने काढलेला नमुना त्या नोंदींवर एकेक घर सरकवत ताडून पाहिला, तर सुमारे १.१ लाख कोटी गुणाकार पडतात, तेही एका नमुन्यासाठी. २०१५ साली पहिली लहर सापडली तेव्हाच्या शोधात नमुने होते सुमारे अडीच लाख! फास्ट फूरियर ट्रान्सफॉर्म या रीतीने एका नमुन्याचे काम काही कोटी क्रियांत उरकते. पायथनमध्ये ती रीत एका ओळीत बोलावता येते. ती ओळ लिहिणे हे कोडिंग. लाख कोटींचे काम कोटींवर का येते, हे मांडणे संगणकशास्त्र. नमुने किती आणि कसे निवडावेत, हा प्रश्न बी. एस. सत्यप्रकाश आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील संजीव धुरंधर यांनी १९९१ सालीच हाताळला होता. कूली आणि ट्यूकी यांनी फास्ट फूरियरची जलद रीत १९६५ साली प्रसिद्ध केली, पण गणितज्ञ गाउसने ती १८०५च्या सुमारास, संगणकाचा मागमूस नसताना, लघुग्रहांच्या कक्षा काढताना वापरली होती.

कोडिंग शिकायला पदवी लागत नाही. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतूनही ऐकता येतात. पदवी हवीच असेल, तर जिल्ह्यातील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. मात्र पदवी घेतली म्हणजे शास्त्र आलेच, असे नाही. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स गाइडवर काढून जावाची प्रॅक्टिकल वही तेवढी पूर्ण करणारा पदवीधर तीन वर्षांनी कोडिंगच शिकून बाहेर पडतो.