सुगरणीपासून पंधरा मीटर

पेणहून रोह्याकडे निघालेली गाडी नागोठणे मागे टाकते आणि निडीच्या लहानशा स्थानकात थांबते. पावसाळ्यात येथे उतरणाऱ्यास भातखाचरे दिसतात, बांधांवर बगळे दिसतात आणि विजेच्या तारांवर खंड्या व कोतवाल. गेल्या पावसाळ्यात अशाच एका बांधावर आम्ही दोघे छत्री आणि कॅमेरा सांभाळत उभे होतो. समोरच्या शिंदीला सुगरणीचे खोपे लोंबत होते, आणि आमच्यात वाद चालला होता तो आणखी किती पुढे जावे याचा.

महाविद्यालयाच्या निसर्ग मंडळासाठी कॅमेऱ्याची बॉडी आणि टेलीफोटो लेन्स निवडण्याचे काम मराठीच्या दोन अध्यापकांकडे कसे आले, ही कथा सांगण्याजोगी नाही. त्या सभेला आम्ही उशिरा पोहोचलो, एवढेच. परंतु पुढील आठ महिने माहितीपत्रके चाळताना लक्षात आले की या खरेदीमागे एक इतिहास आहे, आणि तो आहे अंतराचा. कथनमीमांसा शिकवताना आपण निवेदक आणि पात्र यांच्यातील अंतराविषयी तासन्‌तास बोलतो. येथे तेच अंतर मीटरमध्ये मोजता येते.

या इतिहासाचा एक दुवा आमच्याच जिल्ह्यात आहे. अलिबाग तालुक्यातील किहीम येथे १९३० च्या पावसाळ्यात सालीम अली राहिले होते. बर्लिनहून शिक्षण घेऊन परतलेल्या या अभ्यासकाला तेव्हा नोकरी नव्हती, रिकामा वेळ मात्र भरपूर होता. घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीसमोर शिडी उभारून, तिच्यावर आडोसा करून ते पाहत बसत. त्यातून १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला निबंध आजही आदराने वाचला जातो. खोपा विणतो तो नर; अर्धवट विणलेला खोपा मादी येऊन पारखते, पसंत पडला तरच तेथे राहते; आणि ती स्थिरावली की नर दुसरा खोपा विणायला घेतो. बहिणाबाईंच्या कवितेतील सुगरण शिकवताना ही गोष्ट वर्गात सांगावी की न सांगावी, याविषयी आम्हा दोघांत अद्याप एकमत नाही. कवितेतील आई खोटी पडत नाही असे एकाचे मत. ती किहीमला आली असती तर कविता वेगळी झाली असती असे दुसऱ्याचे.

मुद्दा असा की ते निरीक्षण टेलीफोटो लेन्सच्या आधारे झालेले नव्हते. अंतर कमी करण्याचे साधन होते शिडी, आडोसा आणि तासन्‌तास न हालता बसणे. मराठीत त्याला लपण असा सुंदर शब्द आहे. वन्यजीव छायाचित्रणाची सुरुवातही अशीच झाली. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी किअर्टन या बंधूंनी १८९५ मध्ये पक्ष्यांच्या घरट्यांवरचे सचित्र पुस्तक काढले. पुढे तर त्यांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल करून त्याच्या पोटात छायाचित्रकार बसवला. कोकणात असा बैल बांधावर उभा केला असता तर पक्ष्यांच्या आधी गावातील कुत्रीच गोळा झाली असती. आपल्याकडे वनखात्यातील अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी कुमाऊँच्या जंगलात वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवली. वाघाचा पाय तारेला लागला की प्रकाश पडे आणि चित्र उमटे. ही छायाचित्रे १९२५ पासून प्रसिद्ध होऊ लागली, पुस्तक १९२७ मध्ये आले. जिम कॉर्बेट यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घेतला त्यामागे चॅम्पियन यांचा वाटा होता.

टेलीफोटो लेन्स मात्र त्याआधीच जन्मली होती. १८९१ मध्ये लंडनच्या टी. आर. डॉलमायर यांनी तिचे पेटंट घेतले. पुढे बहिर्गोल भिंगांचा संच आणि मागे अंतर्गोल, या जोडीमुळे लांब नाभीय अंतराची लेन्स आखूड नळीत बसते. मग चॅम्पियन तारा का ताणत होते? कारण वाघ रात्री फिरतो आणि लांब लेन्सला प्रकाश हवा. शिवाय दूरच्या, हलत्या प्राण्यावर अशी लेन्स नेमकी रोखायची तर जे लेन्स पाहते तेच डोळ्याला दिसले पाहिजे. आरसा बसवलेले मोठे, काचपट्टीचे कॅमेरे होते. परंतु खांद्याला अडकवून रानात नेण्याजोगा, ३५ मिलिमीटर फिल्मचा आरशाचा कॅमेरा १९३६ च्या एग्झॅक्टापासून दिसू लागला आणि निकॉन एफने १९५९ मध्ये तो व्यावसायिकांच्या हाती स्थिरावला. लेन्सचा इतिहास बॉडीसाठी असा खोळंबला होता.

भारतात तो पुढेही खोळंबला, परदेशी वस्तूंच्या दुर्मीळतेपायी. मद्रासचे एम. कृष्णन (१९१२–१९९६) यांचे उदाहरण आम्हास फार प्रिय आहे. एका बनावटीची बॉडी, दुसऱ्या बनावटीची लांब लेन्स, मधले जोडकाम स्वतःचे, असा एक अवजड कॅमेरा त्यांनी सिद्ध केला आणि त्याचे नाव ठेवले ‘सुपर पाँडेरोसा’. रंगाच्या मोहात ते पडले नाहीत. कृष्णधवल फिल्मवर, कित्येकदा हत्तीच्या पाठीवर बसून, त्यांनी भारतीय हत्तींची छायाचित्रे घेतली. कोणती लेन्स घ्यावी हा प्रश्न त्यांच्यापुढे आमच्यासारखा नव्हता. जी मिळेल ती बसवावी कशी, हा होता.

निवडीचा प्रश्न त्यानंतरचा. १९८५ मध्ये मिनोल्टाने स्वयंचलित फोकसचा कॅमेरा आणला. १९८७ मध्ये कॅननने बॉडी आणि लेन्स जोडणारे कडेच बदलले, आणि जुन्या लेन्स बाळगणारे एका दिवसात पोरके झाले. निकॉनने १९५९ चे कडे टिकवून धरले. म्हणून आमचे मत असे की बॉडी विकत घेणे ही सोयरीक आहे: आपण एक वस्तू आणत नाही, अख्खे घराणे आणतो. २०१८ मध्ये या दोन्ही घराण्यांनी आरसा काढून टाकलेल्या कॅमेऱ्यांसाठी पुन्हा नवी कडी काढली. जुन्या लेन्स मधल्या जोडणीने चालतात, परंतु हौशी मंडळी नव्याकडे वळली आणि आरशाच्या काळातील उत्तम लेन्स वापरलेल्या मालाच्या बाजारात आल्या. आमच्यासारख्यांचे फावले ते यामुळे.

आता आमची निवड. निडीहून पश्चिमेला फणसाडचे अभयारण्य आहे, मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेले. जंजिऱ्याच्या नवाबांचे ते शिकारीचे राखीव रान. १९८६ मध्ये अभयारण्य झाले. तेथील पाणवठ्यांना गाण म्हणतात. आम्ही प्रथम फणसाडचा, शेकरूचा विचार केला आणि गणित अडले. दाट पानोळ्यात भरदुपारी संध्याकाळ असते. ६०० मिलिमीटरपर्यंत जाणाऱ्या झूम लेन्सचे छिद्र त्या टोकाला ६.३ असते, २.८ छिद्राची ३०० मिलिमीटरची लेन्स तिच्या पाचपट प्रकाश घेते, पण तिची किंमत पाहून आम्ही माहितीपत्रक मिटले. फणसाडात लांब लेन्सपेक्षा उजेडाची लेन्स हवी, आणि निडीच्या उघड्या खाचरांत उजेडापेक्षा लांबी. दोन्ही एकत्र हवे असणाऱ्याने पगार विसरावा.

आम्ही निडी निवडली. लेन्स घेतली ती कॅननची ४०० मिलिमीटर, छिद्र ५.६, १९९३ मध्ये आलेली, वजन सव्वा किलो. तिच्यात हाताची थरथर सावरणारी यंत्रणा नाही, म्हणून शटर एकचारशेअंशाहून वेगवान ठेवावे लागते. बॉडी वापरलेली, लहान संवेदकाची, ज्यावर हीच लेन्स ६४० मिलिमीटरइतके अरुंद दृश्य दाखवते. या बॉडीवर आम्ही खर्च कमीत कमी केला. बॉडी चार वर्षांत जुनी होते, लेन्स तीस वर्षे टिकते. कोडॅक्रोमच्या ६४ संवेदनक्षमतेच्या फिल्मवर ज्यांनी पक्षी टिपले त्यांना आमची ही जुनी बॉडीही चैन वाटली असती. ती ३२०० वर सहज चालते.

तीस वर्षे टिकते, हे विधान कोकणाबाहेरचे. याआधी आम्ही एक लेन्स घेतली होती. विक्रेत्याने ती स्वच्छ असल्याचे सांगितले, आम्ही टॉर्च लावून पाहिली नाही, आणि पहिल्याच श्रावणात आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली. चूक आमचीही होती. ती आम्ही कातडी पिशवीत घालून कपाटात ठेवली होती. नवी लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह राहते, आणि दर रविवारी तिला ऊन दाखवण्याचे काम विद्यार्थ्यांनी वाटून घेतले आहे.

तर बांधावरील वाद. सुगरण सुमारे पंधरा सेंटिमीटरची. पंधरा मीटरवरून ४०० ची लेन्स तिची प्रतिमा संवेदकावर चार मिलिमीटरची करते. संवेदकाची रुंदी बावीस. ५० ची लेन्स असती तर तेवढ्याच प्रतिमेसाठी दोन मीटरच्याही आत जावे लागले असते. एकाचे म्हणणे, पाच पावले पुढे जाऊ, चित्र भरेल. दुसऱ्याने खोप्याकडे बोट दाखवले. आम्ही मघाशी पुढे सरकलो तेव्हा चोचीत पात्याची चिरी घेऊन आलेला नर खोप्यावर न उतरता तारेवर जाऊन बसला होता आणि अजून तेथेच होता. विणकाम थांबले होते. घरट्यांवरील छायाचित्रे अनेक स्पर्धांनी नाकारायला सुरुवात केली ती याचसाठी. लांब लेन्स हाती आली तरी माणूस पुढे सरकायचा थांबला नव्हता.

आम्ही मागे आलो. छत्री मिटली, बांधावर गोणपाट टाकून बसलो. वीसेक मिनिटांनी नर खोप्यावर उतरला, उलटा लोंबकळला आणि विणू लागला. त्या छायाचित्रात तो लहान दिसतो, पावसाची एक तिरपी रेघ त्याच्यावरून गेली आहे. विभागाच्या फलकावर ते लावले आहे. पक्षी कुठे आहे, असे विद्यार्थी विचारतात.